गायिकेच्या वेबसाइटवर सगळं नेहमीच्या जागी का हवं? (मावशीची साइट, नागपूर)

शिरोरेखा

नमस्कार मंडळी. मी वेब डिझाइनचं काम करते, प्रतापनगरला राहते. लांब लिहिणार आहे, कारण गेले दोन महिने हाच विषय डोक्यात घोळतोय आणि इथे गाणारे, वाजवणारे, साइट बनवणारे असे सगळेच आहेत.

माझी मावशी शास्त्रीय गाते. ग्वाल्हेर गायकीची तालीम, जोडीला मराठी गझल. लक्ष्मीनगरला घरीच शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिची वेबसाइट मी केली. तेव्हा माझं ठाम मत होतं की गायिकेची साइट एखाद्या दुकानाच्या साइटसारखी दिसता कामा नये. म्हणून मी मेन्यूच ठेवला नाही. पानभर तानपुरा आणि त्याच्या चार तारा. पंचमाची तार छेडली की परिचय, जोडीच्या दोन तारांवर ध्वनिमुद्रणं आणि कार्यक्रम, खर्जावर, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या तारेवर, संपर्क. तारेवर बोट ठेवलं की खरा सूर वाजायचा. तारांवर नावं लिहिली नव्हती, चित्र बिघडेल म्हणून. ऑफिसात सगळ्यांना फार आवडली. मलाही.

मागच्या दिवाळीच्या आधी शहरातल्या एका मंडळाला पहाटेच्या कार्यक्रमासाठी मावशी हवी होती. त्यांच्या सेक्रेटरी काकांनी साइट उघडली, नंबर सापडला नाही, दोन दिवस वाट पाहिली आणि दुसऱ्या गायिकेला विचारलं. आम्हाला हे कळलं नंतर, एका लग्नाच्या पंगतीत. काका अगदी सहज म्हणाले, "अगं, तुमच्या साइटवर नंबरच नाहीये." नंबर होता. खर्जाच्या तारेखाली होता.

दुसरा प्रसंग मला जास्त लागला. सिव्हिल लाइन्सच्या देशपांडे सभागृहात मावशीचं गाणं होतं. निवेदक विंगेत उभा राहून मोबाइलवर साइटवरचा परिचय वाचत होता. तो परिचय मी सुंदर वळणदार अक्षरात, पण चित्र म्हणून टाकलेला. कॉपी होत नव्हता. तारा जागच्या हलू नयेत म्हणून दोन बोटांनी मोठं करायची सोयही मी बंद केली होती. बिचाऱ्याने डोळे बारीक करून कागदावर उतरवून घेतला आणि स्टेजवर मावशीच्या गुरूंचं आडनाव चुकलं. तानपुरे जुळून बसले होते. मावशीने कानाची पाळी धरली, माइक जवळ ओढला, गुरूंचं पूर्ण नाव स्वतः घेतलं आणि मग षड्ज लावला. घरी आल्यावर ती मला त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

मग मी सेक्रेटरी काकांनाच चहाला बोलावलं. त्यांचाच फोन, त्यांचाच चष्मा. म्हटलं, "काका, मावशीला कार्यक्रमाला बोलवायचंय असं समजा, मी शेजारी नुसती बसते." त्यांचा अंगठा आधी वर उजव्या कोपऱ्यात गेला. तिथे काही नव्हतं. मग त्यांनी पान सर्रकन तळाशी नेलं, थोडं थांबले, परत वर आणलं, परत उजवा कोपरा. तानपुऱ्याला त्यांनी एकदाही हात लावला नाही. "चित्र छान आहे हो," म्हणाले आणि फोन टेबलावर ठेवला.

वर उजवीकडे आणि अगदी खाली. काकांना हे कोणी शिकवलेलं नाही. रेल्वेचं तिकीट, बँक, वीजबिल, वर्तमानपत्र यांच्या साइट वापरून वापरून अंगठ्याला लागलेली ती सवय आहे. साइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० च्या सुमारास हेच मांडलं होतं: लोक आपला बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या साइटवर घालवतात, त्यामुळे तुमचीही साइट तशीच चालेल अशी त्यांची अपेक्षा असते. हे मला वाचून माहीत होतं. काकांचा अंगठा पाहिल्यावर पटलं.

आता साइट नव्याने करते आहे. डावीकडे वर मावशीचं नाव, त्यावर बोट ठेवलं की मुखपृष्ठ. वर पाच शब्दांचा मेन्यू. संपर्क सगळ्यात उजवीकडे आणि प्रत्येक पानाच्या तळाशीही. नंबरवर बोट ठेवलं की थेट फोन लागणार. लिंक असेल ती लिंकसारखी दिसणार, रंग वेगळा आणि खाली रेघ.

दोन गोष्टींवर अडले आहे. एक, साइट उघडताच तानपुरा वाजू द्यावा का? मावशीला स्वतःला ते फार आवडतं. दोन, तानपुऱ्याचं चित्र पूर्णच काढून टाकू का?

पेटीवाला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी ब्राउझरनेच देऊन ठेवलंय. २०१८ पासून क्रोममध्ये साइट उघडल्या उघडल्या आवाज आपोआप सुरू होणं बहुतेक वेळा अडवलं जातं, बघणाऱ्याने आधी कुठेतरी बोट ठेवावं लागतं. म्हणजे तुमच्या संगणकावर कदाचित वाजेल, कारण तिथे तुम्ही ती साइट शंभरदा उघडून ऐकली आहे, आणि आयोजकाच्या फोनवर वाजणार नाही. शिवाय दिव्यांगांसाठी वेबचे जे नियम आहेत, त्यातही तीन सेकंदांपेक्षा जास्त आपोआप वाजणारा आवाज थांबवायची सोय असलीच पाहिजे असं आहे. ज्याला दिसत नाही तो स्क्रीन रीडरवर पान ऐकत असतो. त्या आवाजावर तुमचा तानपुरा चढला तर त्याला मेन्यू कसा ऐकू येणार?

मी पेटी वाजवतो, मला तानपुरा नको म्हणायला जीव होत नाही. पण लोक साइट उघडतात ती ऑफिसात, बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत. साधा त्रिकोण द्या, ज्याला ऐकायचंय तो दाबेल. तो त्रिकोण टेपरेकॉर्डरपासून सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

आणि विनंती, सबंध ख्याल आधीच डाउनलोड करायला लावू नका. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला जवळपास एक एमबी लागतो. चाळीस मिनिटांचा यमन म्हणजे चाळीसेक एमबी, तेही श्रोत्याने अजून ऐकायचं ठरवलेलं नसताना.

रेशीमबाग_साउंड

ताई, मी साउंडचं काम करतो. भट सभागृहापासून तर खेड्यातल्या मांडवापर्यंत. कलाकाराची साइट मी काहून उघडतो ते सांगतो. मले गाणं ऐकायचं नसते त्या टायमाले. मले पाहिजे असते का किती लोक बसणार, तबल्याले एक माइक का दोन, तानपुरे खरे आहेत का इलेक्ट्रॉनिक, स्टेजवर मॉनिटर स्पीकर किती. हे कोणत्याच साइटवर नसते. मग आयोजकाले फोन, आयोजक गायकाले फोन, गायक गाडीत, रेंज नाही.

एक पान टाका ना साधं. प्रिंट काढता आली पाहिजे. आणि पट्टी लिहा, म्हणजे त्यायचा सा कोणता ते. तबलजी बाहेरगावचा असला अन् त्याले पट्टी माहीत असली, तर तो त्या सुराचा तबला घेऊनच येते. नाहीतर ऐन टायमावर हातोडी घेऊन बसते अन् पब्लिक पाहून राहते.

कोरापान

मी जरा उलट बाजूने बोलतो. मीही हेच काम करतो, बहुतेक बँडसाठी. सगळ्यांनी नेहमीचं सगळं नेहमीच्या जागी ठेवलं तर सगळ्या कलाकारांच्या साइट एकाच साच्यातून निघाल्यासारख्या होतात. वर मोठा फोटो, खाली तीन चौकोन, त्याखाली चिन्हांची रांग. मी अशा वीसेक साइट केल्या असतील, नाव झाकलं तर कुठली कोणाची मलाच सांगता येणार नाही. तुमचा तानपुरा मला आठवतो. विसरला जाणार नाही असं काही केलंत आणि आता एका काकांसाठी पुसून टाकताय.

शिवाय ज्याला नवीन म्हणून नाक मुरडतो तेच उद्या सवयीचं होतं. तीन आडव्या रेघांचा मेन्यू झेरॉक्सच्या स्टार संगणकावर १९८१ मध्ये आला, फोनमुळे घराघरात गेला तीस वर्षांनी. मध्ये कोणीतरी तो वापरण्याचं धाडस केलंच ना?

शिरोरेखा

@कोरापान, तुमचं म्हणणं मला खरंच लागलं, कारण दोन वर्षांपूर्वी मी हेच बोलत होते. म्हणून नीट उत्तर देते.

एकसारखेपणाची तक्रार बरोबर आहे. पण तो कुठून येतो? मेन्यू वर आहे म्हणून साइट एकसारख्या होत नाहीत. फोटो विकतचे, मजकूर कुठूनतरी उचललेला, "संगीत हाच ज्यांचा श्वास" छापाची वाक्यं, म्हणून होतात. मावशीच्या साइटवरचं परिचयाचं पान मी परवा पुन्हा वाचलं. त्यात ती कुणासारखीही बाई असू शकली असती. पहाटे तानपुरा जुळवताना ती खिडकी बंद करते, समोरच्या घरातल्या मिक्सरचा सूर तिच्या सा च्या जवळ येतो आणि त्रास देतो म्हणून. हे त्यात नव्हतं. तिने पहिली चार वर्षं एकच राग घोटला, हेही नव्हतं. मी सगळी मेहनत तारांवर केली आणि गाणारी बाई तशीच राहिली.

आणि तीन रेघांबद्दल. त्या चिन्हाला सवय होईपर्यंत मोठमोठ्या कंपन्यांनी रोज कोट्यवधी लोकांसमोर ते ठेवलं. मावशीची साइट आयोजक वर्षातून एकदा उघडतो, दोन मिनिटांसाठी. माझ्या चार तारा शिकायला त्याला वेळ कुठून मिळणार?

अक्षरजुळारी

मावशींच्या गुरूंचं नाव चुकलं हे वाचून वाईट वाटलं. मजकुराचं चित्र करू नये हे सगळेच सांगतील, पण मराठी साइटचे आणखी काही प्रकार आहेत, ते लिहितो.

पहिलं, अक्षरांमधलं अंतर. इंग्रजी मथळ्यांवर डिझाइनर अंतर वाढवतात, छान मोकळं दिसतं. तीच सेटिंग देवनागरीवर लागली की शिरोरेखा तुटते आणि शब्द फुटक्या बांगड्यांसारखा दिसतो. धागा सुरू करणाऱ्या ताईंचं नावच शिरोरेखा आहे, त्यांना सांगायला नको. तयार टेम्प्लेटमध्ये हे अंतर लपून बसलेलं असतं, शोधून शून्य करा. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा. वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो.

दुसरं, पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवा. अनेकांच्या साइटवर तिथे हिंदी नाहीतर इंग्रजीच राहून जातं. नोटोसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले आहेत, पण भाषा मराठी सांगितली तरच ते दिसतात. आपण शाळेत पाटीवर गिरवलेला ल आणि स्क्रीनवरचा ल वेगळा का, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

तिसरं, जुना मजकूर. कार्यक्रमांच्या पत्रिका, वर्तमानपत्रातली परीक्षणं बऱ्याचदा डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये मिळतात. ते थेट साइटवर टाकलं की त्याची रोमन अक्षरांची खिचडी होते. युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या आणि मग माणसाने वाचा. रूपांतरात रफार आणि ऱ्य हमखास घोटाळा करतात. नेमकी आडनावं तिथेच चुकतात.

चौथं, फिकट राखाडी अक्षरं नकोत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान ४.५ ला १ इतका फरक हवा असा नियम आहे. विंगेतल्या अंधुक उजेडात तुमच्या निवेदकाला त्याचा उपयोग होईल.

पहिली_रांग

मला साइट बनवण्यातलं काही कळत नाही. मी गाणं ऐकणारा माणूस आहे, नागपुरात चाळीसहून जास्त वर्षं ऐकतोय. वसंतराव देशपांडे ऐकले आहेत, सुरेश भटांना त्यांच्या गझला म्हणताना ऐकलं आहे. तुम्ही सगळे वेबची सवय म्हणताय, तर मला एक विचारायचंय. आम्हा श्रोत्यांचीही एक सवय आहे, पत्रिकेची. तिचा विचार कोणी करतं का?

कार्यक्रमाची पत्रिका हातात आली की माझी नजर ठरलेल्या वाटेने जाते. वर संस्थेचं नाव, मधे ठळक गायकाचं नाव. मग "साथसंगत" आणि त्याखाली तबला अमुक, संवादिनी तमुक. मग वार आणि तारीख. वार आधी पाहतो मी, कारण शनिवार आहे की मंगळवार यावर जायचं की नाही ते ठरतं. मग वेळ, "सायं. ६.३०" असं. मग स्थळ. शेवटी प्रवेशिका कुठे मिळतील, नाहीतर "प्रवेश विनामूल्य". हे सगळं चार सेकंदांत होतं.

कलाकारांच्या साइटवर कार्यक्रमाचं पान उघडलं की असतं काय? एक आकडा, एक महिना, सभागृहाचं नाव. वार नाही. तबल्यावर कोण नाही. आमच्यातले अर्धे लोक तबल्यावर कोण आहे ते पाहून येतात. आणि वरच्या बाजूला दोन वर्षांपूर्वीचा कार्यक्रम. मग वाटतं, बाईंनी गाणं सोडलं की काय.

पेटीवाला

@पहिली_रांग, पेटीवाल्याचं नाव पत्रिकेत असतं आणि साइटवर नसतं, हे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

कोरापान

@पहिली_रांग, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी आजपर्यंत कार्यक्रमाचं पान परदेशी बँडच्या दौऱ्यांच्या यादीवरून करत आलोय. तारीख, शहर, तिकीट, एवढंच. त्यांच्या श्रोत्याला ते पुरतं. आपल्या श्रोत्याला साथसंगत लागते हे मला सुचलं नव्हतं. साइट एकसारख्या होण्याबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पण पत्रिकेसारखं पान केलं तर ती साइट निदान वेगळी दिसेल आणि तरीही ओळखीची वाटेल, हे मान्य.

ताई, त्यात एक तांत्रिक भर. कार्यक्रमाची तारीख, वेळ, स्थळ गूगलला कळेल अशा पद्धतीने कोडमध्येही नोंदवा. स्कीमा डॉट ऑर्गवर त्याचा ठरलेला साचा आहे, संगीताच्या कार्यक्रमासाठी वेगळा. म्हणजे नाव शोधणाऱ्याला शोधातच कार्यक्रम दिसू शकतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली की जे छोटं चित्र दिसतं, ते १२०० बाय ६३० चं वेगळं बनवून ठेवा. नागपुरात कार्यक्रमाची लिंक कोणी टाइप करत नाही, ग्रुपवरून पुढे जाते. त्या चित्रात मावशींचा चेहरा कापला गेला तर पुढचं सगळं वाया.

शिरोरेखा

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. साइट झाली.

मेन्यूत पाच शब्द: परिचय, ऐका, कार्यक्रम, शिकवणी, संपर्क. "ऐका" वर घरात बरीच चर्चा झाली. मावशीला "ध्वनिमुद्रणे" हवं होतं. फोनवर तो शब्द दोन ओळींत तुटत होता आणि मेन्यूच्या बाकी शब्दांना खाली ढकलत होता. तिला स्क्रीन दाखवल्यावर तिनेच "ऐका" म्हटलं.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाखाली राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, तबला आणि पेटीवर कोण, आणि वर्ष. लांब ख्यालांना विलंबित कुठे सुरू आणि द्रुत कुठे सुरू याच्या वेळा दिल्या आहेत, त्यावर बोट ठेवलं की तिथून सुरू होतं. यूट्यूबमुळे हे सगळ्यांच्या ओळखीचं झालेलं आहे. एका विद्यार्थिनीने लगेच विचारलं की तराणाही वेगळा दाखवाल का. दाखवला.

कार्यक्रमाचं पान @पहिली_रांग यांच्या प्रतिसादावरून जसंच्या तसं केलं. पुढचे कार्यक्रम वर, झालेले खाली, मधे स्पष्ट मथळा. वार आधी.

परिचय तीन लांबीचे ठेवले: दोन ओळींचा, एक परिच्छेदाचा आणि पूर्ण. मधल्याच्या वर लिहिलंय "निवेदकासाठी", शेजारी कॉपी करायचं बटण. मावशीची एकच अट होती, तिच्या नावाच्या आधी गुरूंचं नाव हवं. डिझाइनच्या पुस्तकी नियमात बसत नाही, कारण पानावर पहिलं नाव ज्याची साइट आहे त्याचं असावं लागतं. मी ते तसंच ठेवलं. आडनावाखाली उच्चारही दिला आहे, साध्या अक्षरांत तोडून.

तानपुरा काढला नाही. मुखपृष्ठावर आता तो फोटो आहे, मावशीचा हात तारांवर, आणि खाली साधा त्रिकोण. जुन्या चार तारा शिकवणीच्या पानावर नेल्या. विद्यार्थ्यांना रियाजाला तानपुरा लागतोच, तिथे पट्टी निवडायची, "सुरू करा" दाबायचं. त्या पानावर तो सूर कोणाला शोधावा लागत नाही.

सेक्रेटरी काकांना परत बोलावलं. मी म्हटलं, तेच समजा, मावशीला कार्यक्रमाला बोलवायचंय. चहाचा कप डाव्या हातात तसाच होता. अंगठा वर उजवीकडे गेला, मग नंबरवर, आणि आतल्या खोलीत मावशीचा फोन वाजला. तिने विचारलं, कोण बोलतंय? काका बाहेरच्या खोलीतून फोनवरच म्हणाले, "यंदा पहाट शनिवारी येतेय, मोकळ्या आहात का?"

रेशीमबाग_साउंड

मस्त झालं ताई. पट्टी टाकली का पण?

शिरोरेखा

टाकली. काळी चार. "आयोजक व साउंडसाठी" या पानावर, माइकच्या यादीच्याही वर. प्रिंट एका पानात बसते.